जागेचे धनी

रायगडावर ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला, म्हणजे ६ जून १६७४ रोजी, गागाभट्टांनी शिवाजी महाराजांना वैदिक पद्धतीने राज्याभिषेक केला. पुढच्या अकरा दिवसांत, ज्येष्ठ वद्य नवमीला, गडाच्या पायथ्याशी पाचाडच्या वाड्यात जिजाऊसाहेब गेल्या. मग आश्विन शुद्ध पंचमीला, २४ सप्टेंबरला, निश्चलपुरी गोसाव्याने त्याच गडावर दुसरा, तांत्रिक पद्धतीचा अभिषेक केला. या दुसऱ्या अभिषेकाची हकीकत ‘शिवराज्याभिषेककल्पतरू’ या संस्कृत ग्रंथात आहे आणि त्यात निश्चलपुरीची तक्रारही आहे. पहिल्या वेळी शास्त्रातले सगळे देव बोलावले, नद्यांची पाणी आणली, पण ज्या जागेवर सिंहासन मांडले त्या जागेच्या देवतांना कोणी विचारलेच नाही. गडाच्या शिर्काईला तिचा मान मिळाला नाही. म्हणून अपशकुन झाले, असे त्याचे म्हणणे.

जिजाऊंनी तेव्हा पंचाहत्तरी ओलांडली होती. गडावरची हवा सोसत नाही म्हणूनच महाराजांनी त्यांच्यासाठी खाली पाचाडला वाडा बांधला होता. त्या वयात माणूस जायला देवीचा कोप लागत नाही. शिवाय निश्चलपुरी आणि गागाभट्ट हे दोन निराळ्या पंथांचे पुरोहित होते, तेव्हा या तक्रारीत स्पर्धेचा वास येतोच. हे सगळे वजा केल्यावरही तक्रारीचा गाभा शिल्लक राहतो आणि हे पुस्तक त्या गाभ्यावरच उभे आहे. देव मोठा की धाकटा, वेदातला की रानातला, हा निश्चलपुरीचा प्रश्न नव्हता. जागा कोणाची, एवढेच तो विचारत होता. महाराजांनीही त्याच्याशी वाद घातल्याचे दिसत नाही. साडेतीन महिन्यांत त्यांनी दुसरा अभिषेक करवून घेतला. मुलूख कसा सांभाळायचा हे ज्याला कळते, त्याला जागेच्या धन्याशी बिघाड ठेवून चालत नाही.

शिर्काई ही रायगडाची मूळची. १६५६ साली जावळीच्या मोऱ्यांकडून हा डोंगर महाराजांकडे आला तेव्हा त्याचे नाव रायरी होते. मोऱ्यांच्याही आधी तिथे शिर्क्यांचा अंमल होता असे सांगतात आणि देवीच्या नावात ते घराणे आजही जागे आहे. मालक बदलले, किल्ल्याचे नाव बदलले, राजधानी झाली आणि मोडली, इंग्रजांच्या तोफांनी १८१८ साली वाडे जाळले. शिर्काई मात्र जागची हलली नाही. होळीच्या माळाजवळ आज दिसते ते छोटे देऊळ नंतरचे. मूळ स्थानाचा चौथरा जवळच आहे, त्याला ‘शिर्काईचा घरठा’ म्हणतात. गडावर येणाऱ्या हजारोंपैकी बहुतेक जण जगदीश्वराच्या देवळापाशी आणि समाधीपाशी नतमस्तक होतात आणि या घरठ्यावरून सरळ पुढे जातात. त्यांना दोष देता येत नाही, कारण तिथे पाहण्यासारखे फार काही नाही. या पुस्तकातल्या बहुतेक देवांची स्थिती हीच आहे.

पाचाडपासून खाली महाडपर्यंत, आणि महाडहून पोलादपूर ओलांडून आंबेनळी घाटाच्या तोंडापर्यंत, सावित्री, गांधारी आणि काळ या नद्यांच्या खोऱ्यात जी गावे आणि वाड्या आहेत, त्यांचे देव हा या पुस्तकाचा विषय. सोमजाई, वाघजाई, काळकाई, झोलाई, जाकमाता, जननी, भैरी, केदार, म्हसोबा, वेताळ आणि पाणवठ्यावरच्या साती आसरा. यांतल्या बऱ्याच जणांना मूर्ती नाही. शेंदूर माखलेला पाषाण, एखादा तांदळा, झाडाच्या बुंध्याशी रचलेले चार दगड, फार तर कौलारू छपराखाली एका ओळीत मांडलेले पाच-सात पाषाण आणि गुरवालाच ठाऊक असलेली त्यांची नावे. पुराणात त्यांची कथा सापडत नाही. सापडते तेव्हा ती मागाहून चिकटवलेली असते आणि जोड लपत नाही. वरंध घाटातल्या वाघजाईसमोर गाड्या अजूनही थांबतात, चालक उतरून हात जोडतो आणि मग वळणावर चढतो. घाट, खिंड, उतार, पाणवठा, गावाची शीव या जागांवर हे देव बसलेले आहेत. धर्मानंद कोसंबींचे चिरंजीव दामोदर कोसंबी यांनी १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात पश्चिम महाराष्ट्रातल्या देवींची ठाणी आणि जुन्या वाटा यांचे नाते दाखवले. आपल्या घाटवाटांवर ते नाते पायांनी तपासता येते.

आता प्रस्तावनेत सुमेरचे काय काम, असे वाचक विचारील. काम आहे. पण त्याआधी एक खुलासा. पाचाडचे देव इराकमधून आले किंवा इराकचे देव इथून गेले, असले काही मला म्हणायचे नाही. नावांचे उच्चार जुळवून दोन संस्कृतींची सोयरीक लावणारी पुस्तके मराठीत बरीच निघाली आहेत आणि त्यांनी वाचकांचा वेळ पुष्कळ खाल्ला आहे. सिंधू संस्कृतीच्या मुद्रा उर शहराच्या उत्खननात मिळाल्या, व्यापार होता, हे खरे. त्यावरून वाघजाईची वंशावळ निघत नाही. सुमेरचा आधार मी घेतो तो वेगळ्या कारणासाठी. देव हा जागेचा मालक आणि माणूस त्याचे कूळ, ही समजूत जगात सर्वांत आधी जिथे लिहून ठेवली गेली ती जागा सुमेर आहे. आमच्याकडे हीच समजूत कोणी लिहिली नाही. ती माणसांच्या वागण्यात आहे. तिथले लिहिलेले वाचले की इथले वागणे दिसू लागते.

तैग्रिस आणि युफ्रेटिस यांच्या खालच्या अंगाला, आजच्या दक्षिण इराकमध्ये, सुमेर लोकांची शहरे होती. इसवी सनापूर्वी ३२००च्या सुमारास उरुक शहरात ते ओल्या मातीच्या पाटीवर बोरूने खुणा उठवू लागले. प्रत्येक शहराचा आपला देव होता. निप्पूरचा एनलिल, एरिदूचा एन्की, उरचा चंद्रदेव नन्ना, उरुकची इनान्ना, गिरसूचा निनगिरसू. शहर त्या देवाचे, शेते त्याची, कालवे त्याचे, मेंढरे त्याची. राजा हा त्याचा कारभारी. माणसे घडवली तीच मुळी देवांची कामे करायला: एन्की आणि निनमाख यांच्या कथेत कालवे खणून दमलेले देव कुरकुरतात, म्हणून मातीचा माणूस बनवला जातो आणि टोपली त्याच्या डोक्यावर दिली जाते. शुरुप्पाक इथे सापडलेल्या, सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या पाट्यांवर देवांच्या याद्याच आहेत आणि त्यांत पाचशेहून अधिक नावे आहेत. त्यांतला मोठा भाग कुठल्या कथेत येत नाही. कुठल्यातरी वस्तीचा, कुठल्यातरी बांधाचा देव, एवढीच त्यांची ओळख असावी. त्या याद्या वाचताना मला आमच्या गुरवाने एका दमात म्हटलेले गाऱ्हाणे आठवते.

सुमेरच्या कागदपत्रांतला मला सर्वांत जवळचा वाटणारा भाग भांडणाचा आहे. लगाश आणि उम्मा ही दोन शेजारची राज्ये. मधे गुएदेना नावाचा सुपीक पट्टा. त्यावरून त्यांची पिढ्यानपिढ्या मारामारी झाली. लगाशचा राजा एन्मेतेना याचा, इसवी सनापूर्वी २४००च्या आसपासचा, मातीचा एक शंकू आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. त्यावर भांडणाचा इतिहास कोरला आहे आणि त्याची सुरुवात राजांपासून होत नाही. सर्व देवांचा पिता एनलिल याने निनगिरसू आणि शारा या दोन देवांमध्ये शीव आखून दिली. मग किशचा राजा मेसिलिम याने दोरी लावून ती मोजली आणि तिथे दगड रोवला. उम्माच्या राजाने तो दगड उपटला. म्हणजे दावा देवादेवांचा, माणसे नुसती मुखत्यार. त्याच भांडणातल्या आधीच्या विजयाचे शिल्प, गिधाडांचे म्हणून प्रसिद्ध असलेले, त्याच संग्रहालयात आहे. त्यात शत्रूंना जाळ्यात धरून उभा आहे तो खुद्द निनगिरसू.

महाड-पोलादपूरच्या कोणत्याही गावात शिवेचा वाद ऐकलेल्या माणसाला यात काही नवल वाटणार नाही. इथे शिवेवर दगड असतो आणि त्या दगडात राखणदार असतो. वर्षातून एकदा त्याला नारळ, कोंबडा, भाताचा गोळा मिळतो. ती त्याची राखण. राखण चुकली की गुरे आजारी पडतात, विंचू-सरपटणारे घरात येते, रानडुकरे उभे भात लोळवतात, असे म्हणणारे लोक आजही आहेत. देवीची पालखी शिवेपर्यंत जाते आणि थांबते. पलीकडे जायचे तर पलीकडच्या गावाचे बोलावणे लागते. तलाठ्याकडचा नकाशा आणि देवाची शीव जुळत नाही अशा जागा मी पाहिल्या आहेत आणि तिथे गावकरी नकाशाला हसतात. १९४९च्या कायद्याने कोकणातल्या खोतांची खोती गेली, कुळे मालक झाली. देवांच्या खोतीला मात्र कुठल्या सरकारने हात लावला नाही.

ही मालकी प्रेमाची असतेच असे नाही. वारकऱ्याचे विठ्ठलाशी जे नाते आहे ते इथे शोधू नये. विठोबाला भेटायला जीव तळमळतो. म्हसोबाला भेटायला कोणी तळमळत नाही, त्याचे देणे देऊन टाकतात आणि मागे वळून न बघता येतात. भक्ती आहे, पण ती हिशेबाची आहे. शिकलेल्या माणसाला हा हिशेब हलका वाटतो. मला तो प्रामाणिक वाटतो. डोंगरउतारावर, तीन-साडेतीन हजार मिलिमीटर पावसात, एका हंगामाच्या भातावर आणि नाचणीवर जगणाऱ्या माणसाने निसर्गाशी केलेला तो व्यवहार आहे. त्यात आपण काय द्यायचे आणि बदल्यात काय मागायचे हे दोन्ही बाजूंना स्पष्ट असते.

व्यवहार म्हटला की विचारणा आली. कौल लावणे हा या भागातल्या देवळांचा कणा आहे. देवाच्या पाषाणाला ओल्या कळ्या किंवा तांदळाचे दाणे चिकटवतात, गुरव प्रश्न घालतो आणि सगळे गप्प बसून वाट पाहतात. उजवीकडचे पडले तर होकार. कधी काहीच पडत नाही. मग प्रश्न बदलतात, गुन्हा-चूक कबूल करतात, पुन्हा विचारतात. सुमेरमध्ये करडू कापून त्याची आतडी-काळीज पाहत. ‘अगादेचा शाप’ नावाच्या सुमेरी काव्यात अगादेच्या, म्हणजे अक्कदच्या, नराम-सिन राजाला निप्पूरचे एनलिलचे देऊळ नव्याने बांधायचे असते. तो करडाच्या आतड्यांत कौल पाहतो. देवळाबद्दल उत्तर येत नाही. पुन्हा पाहतो, पुन्हा नाही. मग तो कौलाविनाच देवळाला कुऱ्हाडी-कुदळी लावतो, आणि एनलिल डोंगरातून गुती टोळ्या सोडून त्याची राजधानी उजाड करतो. इतिहासकार सांगतात की अक्कदचे राज्य मोडले त्याची कारणे वेगळी होती आणि नराम-सिनच्या शिलालेखांवरून तो देऊळ पाडणारा नव्हे, बांधणारा दिसतो. म्हणजे घटना आधी घडली आणि तिचे कारण देवाच्या मानापमानात मागाहून शोधले गेले. निश्चलपुरीने हेच केले होते.

पालखीबद्दलही थोडे बोलले पाहिजे, कारण या खोऱ्यात देवाचे खरे दर्शन देवळात होत नाही, वाटेवर होते. शिमग्यात देवीची रूपे लावून पालखी सजते, खालूबाजा वाजतो आणि एरवी अंधाऱ्या गाभाऱ्यात बसणारी आई प्रत्येकाच्या दारात येते. ज्या घराला वर्षभर कुलूप असते तेही त्या दिवशी उघडलेले असते. महाडला महाशिवरात्रीच्या सुमारास वीरेश्वराचा छबिना असतो. आसपासच्या गावांचे देव आपापल्या पालख्या आणि उंच काठ्या घेऊन त्याच्या भेटीला येतात. विन्हेऱ्याची झोलाई येते तेव्हा काठी बघायला रस्त्यात पाऊल ठेवायला जागा नसते. देव देवाच्या घरी जातो, मान घेतो, मान देतो आणि परत येतो. उरच्या नन्नाचा प्रवास वर्णन करणारे एक सुमेरी काव्य आहे. तो नाव भरून निप्पूरला बापाच्या भेटीला निघतो. वाटेत एकेका शहराची देवी काठावर येऊन नाव उतरवायला सांगते, तो नकार देऊन पुढे जातो. निप्पूरला पोचल्यावर द्वारपाल दार उघडतो, भेटी उतरतात, एनलिल लेकाला जेवू घालतो. परत जाताना नन्ना मागतो काय, तर नदीला पूर, शेतात धान्य, तळ्यात मासे. छबिन्यात उभे राहून हे काव्य आठवले की चार हजार वर्षांचे अंतर फार वाटत नाही.

फरक मात्र मोठे आहेत आणि ते झाकणे बरे नाही. सुमेरचा देव श्रीमंत होता. त्याच्या देवळात धान्याची कोठारे, विणकर बायका, मेंढपाळ, मासेमार, हिशेबनीस होते आणि लिहिण्याची कलाच बहुधा त्या हिशेबातून निघाली. त्याला रोज ताटे वाढली जात, कपडे बदलले जात, नवी मूर्ती घडवली की तोंड उघडण्याचा विधी करून तिला खाता-बोलता करत. सपाट मुलखात डोंगर नव्हता म्हणून त्यांनी विटांचा डोंगर रचला. उरचा झिग्गुरात त्यातलाच, इसवी सनापूर्वी २१००च्या आसपास उर-नम्मू राजाने बांधायला घेतलेला. आमच्या देवांना डोंगर आयता मिळाला आणि बाकी काहीच मिळाले नाही. रोजचा दिवा लागला तरी खूप. त्यांची वही माणसांच्या डोक्यात आहे: पहिला नारळ कोणाचा, पालखीचा पुढचा दांडा कोणाच्या खांद्यावर, होळीचा पहिला घाव कोणाचा. ही वही तोंडी असल्यामुळे तिच्यावरून भांडणेही तितकीच होतात. मानावरून कज्जे कोर्टात गेले, पालखी वर्षानुवर्षे निघाली नाही, अशी गावे कोकणात थोडी नाहीत.

या वहीत आणखी एक गोष्ट लिहिलेली होती. देवळाच्या पायरीपर्यंत कोण, पायरीखाली कोण आणि शिवेच्या दगडाजवळ कोण. रात्री शिवेवर जाऊन राखण पोचवायची, मेलेले जनावर ओढायचे, ही कामे महारांची होती. गावाच्या सीमेचे ज्ञान त्यांच्याकडे होते म्हणून शिवेच्या वादात त्यांची साक्ष चाले, आणि त्याच गावाच्या पाणवठ्यावर त्यांना पाणी मिळत नसे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी आपल्या अनुयायांसह महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्यायले. त्यानंतर काही वेळातच, हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार, अशी अफवा शहरात उठली आणि परतणाऱ्या माणसांना घरात, रस्त्यात गाठून मारहाण झाली. पुढे तळ्याची ‘शुद्धी’ करण्यासाठी पंचगव्याच्या १०८ घागरी ओतल्या. तळ्यावरचा हक्क कायम व्हायला १७ मार्च १९३७चा मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल यावा लागला. ग्रामदेवतांबद्दल गोडव्याने लिहिणाऱ्या पुस्तकांत हे प्रकरण बहुधा वगळलेले असते. मला ते वगळता येत नाही. जागेचा धनी असे म्हटले की जागेवर कोणाचा हक्क नाही हेही तोच धनी सांगतो, निदान त्याच्या नावाने सांगितले जाते. १९५६ नंतर या खोऱ्यातल्या बौद्ध वाड्यांनी गावदेवाची कामे सोडली. त्यांनी करार मोडला असे कुरकुरणारे म्हातारे मला भेटले आहेत. त्या करारात त्यांच्या वाट्याला काय आले होते, हे विचारल्यावर ते गप्प होतात.

मेल्यानंतरचे या पुस्तकात फार नाही, कारण या देवांना त्यात फारसा रस नाही. सुमेरी माणसाला मेल्यावर अंधार आणि धूळ यांखेरीज काही मिळत नसे, वंशजांनी पाणी ओतले तर तेवढेच. आमच्याकडे पितृपक्षात वाडी दाखवतात, कावळ्याची वाट पाहतात. मोक्षाची गोष्ट कीर्तनात ऐकायची आणि पावसाची गोष्ट भैरीला सांगायची, अशी कामाची वाटणी आहे आणि ती कोणाला खटकत नाही.

वारकरी पंथाचे या दोन तालुक्यांवर, विशेषतः पोलादपूरवर, मोठे ऋण आहे. घरटी माळकरी सापडतील अशा वाड्या आहेत. माळ घातलेल्याने कोंबडे कापायचे कसे? बऱ्याच ठिकाणी नारळावर आणि कोहळ्यावर निभावले. काही ठिकाणी एका भावाने माळ घातली आणि राखणीचे काम दुसऱ्याकडे गेले. देवाने या बदलाला हरकत घेतली नाही, म्हणजे कौल उजवा दिला. मला हा सगळा भाग फार लोभस वाटतो. धर्म पोथीत न अडकता गावच्या बैठकीत बसून बदलला जातो, तेव्हा तो असा बदलतो.

दुसरा बदल मात्र मला पटत नाही. गेल्या काही दशकांत जीर्णोद्धाराची लाट आली. मुंबईकर मंडळींनी पैसे जमवले, हे त्यांच्या मायेचे लक्षण. पण त्या पैशातून लाकडी खांबांची, जांभ्याच्या जोत्याची देवळे पाडली गेली, स्लॅब पडला, भिंतींना टाइल्स लागल्या, आणि ओबडधोबड पाषाणाच्या जागी संगमरवरी, आठ हातांची, सिंहावर बसलेली, हसरी देवी आली. जुने पाषाण नदीत सोडले. सोमजाई, काळकाई आणि झोलाई यांचे चेहरे आता सारखे दिसतात. काही गावांत तर देऊळ बांधायला देवराईतलीच झाडे गेली. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात पश्चिम घाटातल्या देवरायांचा अभ्यास केला तेव्हा त्यांनी दाखवून दिले होते, की देवाच्या धाकाने राखलेले हे तुकडे म्हणजे मूळ जंगलाचे उरलेले नमुने आहेत. ज्याच्या धाकाने कुऱ्हाड थांबत होती तोच देव आता आपल्याच देवळाच्या नव्या तुळईसाठी परवानगी देतो, हे मला विचित्र वाटते.

या विषयावर आधी लिहिणाऱ्यांचे ऋण मोठे आहे. नाशकात १९०९ साली मारला गेलेला कलेक्टर जॅक्सन याने मुंबई इलाख्यातल्या लोकसमजुतींची टिपणे शाळामास्तरांकडून जमवली होती. त्यांतला कोकणचा भाग एन्थोवेन यांनी १९१५ साली छापला. तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या मास्तरांनी दिलेली उत्तरे त्यात आहेत. साहेबाच्या प्रश्नाला मराठी मास्तराने दिलेले, थोडे लाजलेले आणि थोडे सावध उत्तर कसे असते हे पाहायचे तर ते पुस्तक वाचावे. रा. चिं. ढेरे यांनी देवतांच्या मुळाशी जायची दृष्टी दिली, गुंथर सोंथायमर यांनी धनगरांच्या देवांमागे पायपीट केली. महाड-पोलादपूरच्या वाट्याला मात्र सलग असे काही आले नाही. रायगडाचा इतिहास लिहिणाऱ्यांची नजर वर गडाकडे लागलेली असते.

सुमेरच्या देवांचे पुढे काय झाले ते सांगून ही प्रस्तावना आवरती घेतो. इसवी सनापूर्वी २००४च्या सुमारास उर शहर पडले. त्या विध्वंसावरचा विलाप पाट्यांवर आहे आणि त्यात शहराची देवी निनगल घर सुटलेल्या बाईसारखी रडते. सुमेरी भाषा लोकांच्या तोंडून गेली, पण पुजाऱ्यांनी ती आणखी दोन हजार वर्षे मंत्रांसाठी जपली. कोणी त्या देवांना खोटे ठरवून मारले नाही. नद्यांनी पात्रे बदलली, जमिनीत मीठ चढले, नवी राज्ये आणि नवे धर्म आले, शहरांतून माणसे उठून गेली. कूळच उरले नाही तिथे धन्याची मालकी कशावर? नंतर त्या ढिगाऱ्यांवर वाळू बसली. १८२७ साली कंपनी सरकारच्या मुंबईच्या लष्करात दाखल झालेला हेन्री रॉलिन्सन पुढे इराणात बेहिस्तूनच्या कड्यावर तिथला कीलाक्षरी लेख उतरवायला चढला. त्याने आणि इतरांनी कीलाक्षरांचे कोडे सोडवले, तेव्हा एनलिल आणि इनान्ना पुन्हा वाचता येऊ लागले. त्यांचे सगळे लिहून ठेवले होते म्हणून.

आमच्या देवांचे लिहून ठेवलेले नाही, आणि कुळे उठून चालली आहेत. पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या वाड्यांत पावसाळ्यात दिवा लागणारी घरे बोटांवर मोजता येतात. जुलै २०२१मध्ये महाड तालुक्यातल्या तळियेवर दरड आली आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्यानंतर डोंगरउतारावरच्या वाड्या हलवण्याचे बोलणे सुरू झाले. जीव वाचवायचा तर हलवल्याच पाहिजेत, त्यात दुमत नाही. पण वाडी हलली की शिवेवरचा दगड तिथेच राहतो आणि तो कोणाचा हे सांगणारा माणूस पुनर्वसनाच्या पत्र्याच्या खोलीत असतो.

म्हणून वाचकाला एक विनंती. हे पुस्तक पुरे नाही. तुमच्या गावचा देव यात नसेल किंवा चुकीच्या जागी बसवला गेला असेल. येत्या शिमग्याला गावी जाल तेव्हा पालखीसोबत फोटो काढाच, पण एक संध्याकाळ गुरवाजवळ आणि वाडीतल्या सर्वांत थकलेल्या माणसाजवळ वही घेऊन बसा. देवळातल्या एकेका पाषाणाचे नाव, राखणीचा दिवस, मानाचा क्रम, शिवेवरचे दगड, गाऱ्हाण्यातले शब्द जसेच्या तसे उतरवून घ्या. बौद्धवाडीत, धनगरवाड्यावर आणि कातकऱ्यांच्या पाड्यावरही जा, कारण तिथली हकीकत देवळात सांगितली जात नाही. जे लिहाल त्याची एक प्रत गावच्या शाळेत ठेवा.